जाड नळीची जबानी

भूपाल चौगुल्यांच्या वर्कशॉपमध्ये, ऑफिसच्या दारावर जिथं इतरांकडे देवाची तसबीर असते, तिथं एक पोलादी नळी टांगलेली होती. अडीच फूट लांब, मनगट जाईल एवढं भोक आणि त्याभोवती जवळजवळ इंचभर जाडीची भिंत. वजन अठ्ठावीस किलो. हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्यांकडे असले तुकडे पायलीचे पन्नास पडलेले असतात आणि त्यातला एकही रिकामा बसत नाही. मशीन हलवायचं झालं की तो खाली लोळवतात, नट हट्टाला पेटला की पान्याच्या दांडीवर चढवतात, दार आपटायला लागलं की दाराशी उभा करतात, आणि घरी नेला तर त्यानं मिरच्याही कुटतात. ही एकच नळी काही काम न करता हार घालून बसली होती, कारण तिनं आपलं आयुष्यभराचं काम अकरा मिनिटांत उरकलं होतं.

निदान गोष्ट तरी अशीच होती. बत्तीस वर्षांपूर्वी भूपाल आणि सुकुमार मगदूम एकाच कारखान्यात फिटर होते. जेवणाच्या सुट्टीत सुकुमार एका मोठ्या प्रेसखाली शिरून गळकं सील बदलत होता. वरचा सहा टनांचा ठोकळा पेलणारी साखळी तुटली, ठोकळा खाली आला आणि या नळीवर अडकला. लोक धावत आले तेव्हा त्यांना काय दिसलं? नळी ठोकळ्याखाली उभी, जरा कललेली, आणि तिला खांदा लावून भूपाल. डोळे मिटलेले, शर्टाची बटणं उघडी, आत बनियनसुद्धा नाही. जॅक आणून सुकुमारला बाहेर ओढेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तोवर भूपाल जागचा हलला नव्हता.

सुकुमार घरी गेला आणि त्यानं हे सगळं आपल्या बहिणीला, शालनला सांगितलं. शालननं तोवर दोन स्थळं नाकारली होती, एक बँकेतलं आणि एक चार एकर उसाचं. ती म्हणाली, "एवढा धीराचा माणूस असंल तर मला चालतंय." असा भूपाल सुकुमारचा दाजी झाला. पुढं स्वतःचं वर्कशॉप निघालं, कोल्हापूरजवळच्या त्या औद्योगिक वसाहतीत नाव झालं, आणि दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा आटोपली की सुकुमार नळीखाली उभा राहून गोष्ट सांगू लागला. नाव सुकुमार असलं तरी माणूस आडवा-तिडवा, आवाज ढोलासारखा.

"सहा टन! हत्ती किती टनाचा असतोय? पाच. म्हणजे हत्ती, वर अंबारी, अंबारीत राजा, आणि राजा जेवून बसलेला. एवढं ह्या माणसानं खांद्यावर रोखलंय!"

भूपाल अशा वेळी खाली मान घालून उभा राही. लोक म्हणत, बघा, किती विनय.

आता थोडं शास्त्र. कंटाळा करू नका, त्यावाचून पुढची गंमत कळायची नाही.

पोलाद म्हणजे आतून असंख्य बारीक लोहचुंबकांची वस्ती. पोलादावर भार पडला की ही चुंबकं थोडी कूस बदलतात आणि भार गेल्यावर पुन्हा जागेवर येतात. पण पुरती येत नाहीत. कुठून किती दाब आला, किती वेळ टिकला, याचा पुसटसा माग मागे राहतो. पातळ पत्र्यावरचा हा माग तापण्यानं, ठोकण्यानं मोडून जातो. जाड भिंतीच्या नळीत मात्र तो खोल जातो आणि तिथं सुरक्षित राहतो. शिवाय दर उन्हाळ्यात नळी किंचित फुगते, हिवाळ्यात आखडते, त्याचीही एकेक रेघ आत उमटते, म्हणजे वर्षंही मोजता येतात. हा सगळा माग वाचणारं यंत्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तयार झालं. नळीभोवती एक जाड कडं सरकवायचं, आतून एक सळई फिरवायची, की पडद्यावर नळीचं चरित्र. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. लोकांनी ते टाकून दिलं आणि त्याला नारद म्हणू लागले, कारण इकडचं तिकडं सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

नारदानं दोन वर्षांत हाहाकार केला. एका तालमीतल्या जाड नळीच्या वजनानं सांगितलं, की गावचा पैलवान दिवाळीपासून व्यायामाला फिरकलेलाच नाही. एका घरात तिखट कोण कुटतं यावरून सासू-सुनेचं सात वर्षं भांडण होतं, तिथं कुटायच्या नळीनं निकाल दिला, की दोघीही नाही, सासरे. कोर्टानं नळीची साक्ष ग्राह्य धरली. मग लोक मुद्दाम जाड नळ्या बसवू लागले. फाटकाला नळी, झोपाळ्याला नळी, पलंगाच्या पायांना नळी. माणसानं काही सांगितलं की ऐकणारा विचारी, "नळी हाय का?" नसेल तर तुमचं बोलणं म्हणजे बोलाचीच कढी.

आणि हे यंत्र बनवणाऱ्या चमूत होती शर्वरी भूपाल चौगुले. भूपालची एकुलती एक लेक.

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस सुकुमार वर्कशॉपमध्ये आला तो नाकपुड्या फुगवूनच.

"दाजी, त्या विराज खोताची जीभ वळवळाया लागलीय." विराज म्हणजे कारखानदार संघटनेचा नवा सेक्रेटरी, वय तीस. "म्हणतोय, मामा, तुमची गोष्ट ऐकायला बरी हाय. ऐकायला बरी! म्हणजे मी काय कीर्तनकार हाय?"

"जाऊ द्या की दादा. पोरगं हाय," भूपाल म्हणाला.

"न्हाई. मी सगळ्यांम्होरं सांगितलंय. खंडेनवमीला माझी साठी. त्याच दिवशी नळी वाचायची, सगळ्या वसाहतीम्होरं. शर्वरीला फोन केलाय, ती नारद घेऊन येतीय. माझा शब्द खोटा निघाला तर मी संघटनेची पायरी चढणार न्हाई!"

भूपालनं हातातला पाना खाली ठेवला. "पण त्या दिवशी हत्यारं वापरत न्हाईत, दादा," त्यानं एक क्षीण प्रयत्न केला.

"वापरायची कुठं हाय? तिचं ऐकायचं हाय नुसतं," सुकुमार म्हणाला आणि सगळ्यांना आमंत्रणं द्यायला निघून गेला.

खरी गोष्ट आता जगात एकट्या भूपालला माहीत होती, ती तुम्हाला सांगून टाकतो. त्या दिवशी सकाळी भूपालच्या बनियनवर ग्रीस सांडलं. त्यानं ते धुतलं. वाळवायचं कुठं? प्रेसच्या तेलाच्या टाकीपाशी ऊब असायची. म्हणून त्यानं एक नळी प्रेसच्या टेबलावर उभी केली, तिच्यावर बनियन अडकवलं आणि जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या गाड्यावर चहा प्यायला गेला. सुकुमार आत शिरला ते त्याला माहीतच नव्हतं. आवाज झाला तेव्हा त्याच्या हातात कप होता. तो पळत आला, ठोकळ्याखालून सुकुमारचे पाय दिसले, आणि भूपालच्या पायातली ताकद गेली. तो पडणारच होता. समोर नळी होती, तिला टेकला. अकरा मिनिटं तो तसाच टेकून होता, कारण सोडलं असतं तर जमिनीवर आडवा झाला असता. लोकांनी उचलून धरलं तेव्हा त्याला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी हार घातले. तिसऱ्या दिवशी शालनचं स्थळ आलं. चहावाल्यानं खरं पाहिलं होतं, पण पुढं त्यालाही गोष्टच खरी वाटू लागली.

सुकुमारचं मत काय होईल, वसाहत काय म्हणेल, हे नंतरचं. भूपालला भीती होती ती शालनची. बँकेतलं स्थळ सोडून ती ज्या माणसाकडे आली, तो माणूस मुळात नव्हताच. होतं एक वाळत घातलेलं बनियन.

पुसायचा उपाय एकच होता. सातशे सत्तर अंशांच्या वर तापवलं की पोलादातली सगळी चुंबकं सैरभैर होतात आणि पाटी कोरी होते. भूपाल नळी गोणपाटात गुंडाळून ओळखीच्या भट्टीवाल्याकडे गेला.

"तापवून देतो की," भट्टीवाला म्हणाला. "फॉर्म भरा. जाड नळी आता परवान्याबिगर तापवता येत न्हाई, पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा हाय. नळीचं वय लिवा, काम लिवा, आन हितं लिवा विस्मरणाचं कारण."

"कारण काय लिवत्यात लोक?"

"घरगुती," भट्टीवाला म्हणाला. "पण मग तलाठ्याची सही लागती."

भूपाल नळी घेऊन परत आला. मग त्याला दुसरी युक्ती सुचली. भंगारबाजारात जाऊन त्यानं तशाच मापाची नळी शोधली. भंगारवाल्यानं विचारलं, "वाचलेली देऊ का कोरी?"

"न वाचलेली. पण कधी प्रेसखाली गेलेली नको."

"ते मला काय ठाऊक! मी काय तिचा बाप हाय?"

रविवारी वर्कशॉप बंद असताना भूपालनं दारावर भंगारातली नळी टांगली आणि खरी मागच्या शेडमध्ये ढिगात सारली. भंगारातली नळी काही बोलणार नाही, असा त्याचा हिशोब होता. काही निघालं नाही तर म्हणता येईल, यंत्राला जुनं वाचता येत नाही. लेकीच्या यंत्राला नावं ठेवावी लागतील, याचं त्याला वाईट वाटलं. पण बायकोपुढं उघडं पडण्यापेक्षा ते बरं.

एक गोष्ट मात्र तो साफ विसरला. दर वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शालन वर्कशॉपमध्ये येऊन सगळं लोखंड रॉकेलनं धुऊन घेई आणि त्यावर चंदेरी रंगाचा हात मारी. पाने, हातोडे, पुल्या, नळ्या, जे हाताला लागेल ते. यंदा भावाची साठी, त्यामुळं उत्साह दुप्पट. भूपाल गिऱ्हाइकाकडे सिलिंडर पोचवून परतला तेव्हा अंगणात गोणपाटावर सगळा संसार वाळत होता आणि त्यात दोन नळ्या शेजारीशेजारी, एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या, जुळ्या बहिणींसारख्या.

"ह्यातली दारावरची कुठली गं?" त्यानं शक्य तेवढ्या सहज विचारलं.

शालन हातातला ब्रश थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. "तुमी मला इचारतासा? जिच्यापायी जीव धोक्यात घातलासा, ती तुमाला ओळखू येईना व्हय?"

"येतीय की! ही," भूपाल म्हणाला आणि देवाचं नाव घेऊन डावीकडे बोट दाखवलं.

खंडेनवमीला सकाळी अंगणात मांडव पडला. झेंडूची तोरणं, उसाची कांडी, कोहळा, आणि मध्ये पाटावर चंदेरी नळी, हळदीकुंकू ल्यालेली. दीडशे माणूस जमलं. सुकुमार नव्या फेट्यात होता. त्यानं हत्ती, अंबारी आणि जेवलेला राजा एकदा सगळ्यांना ऐकवला. विराज खोत पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. शर्वरीनं यंत्राचं कडं नळीवर सरकवलं आणि पडद्यावर रेघा उमटू लागल्या. कुठली नळी आहे, हे भूपालला माहीत नव्हतं.

"पहिली नऊ वर्षं," शर्वरी वाचू लागली, "आतून दाब, सोडला, दाब, सोडला. हंगामात रोज हजारो वेळा. हा ऊसतोडणी यंत्राचा सिलिंडर दिसतोय."

"आसंल," सुकुमार म्हणाला. "प्रेसखाली यायच्या आदी काय तरी करतच असणार की."

"त्यानंतर... गंमतच आहे. नळी टांगलेली आहे. आणि तिच्यावर हलके टोले पडतायत. सकाळी आठ-दहा एकदम, मग पाऊण-पाऊण तासानं एकेक. संध्याकाळी पुन्हा आठ-दहा. रविवारी काही नाही. एप्रिल-मे रिकामे." शर्वरीचा आवाज मंदावला. "अशी एकवीस वर्षं."

मांडवात कोणीतरी म्हणालं, "अगं, ही तर शाळेची घंटा!"

"शनवारी सकाळची शाळा हाय का बघ," एका हौशी म्हाताऱ्यानं सांगितलं. शर्वरीनं बघितलं. होती.

विराज खोत उठून उभा राहिला. "मामा," तो गोड आवाजात म्हणाला, "तुमी प्रेसखाली शिरला तवा वरती शाळा भरली हुती काय?"

दीडशे माणूस हसलं. कोणाचाही कोणावर राग नव्हता, पण हसू थांबेना. पुढच्याला मागचा सांगत होता, मागच्याला त्याच्या मागचा. सुकुमार फेट्यासकट उभा होता. त्यानं एकदा नळीकडं पाहिलं, एकदा भूपालकडं, आणि म्हणाला, "दाजी, तुमी सांगा की. मी खोटं न्हाई बोललो, न्हवं?"

भूपालचं काम झालं होतं. आता फक्त मान हलवायची होती, यंत्राला नावं ठेवायची होती आणि गप्प बसायचं होतं. तो वाचला होता. पण समोर साठ वर्षांचा तो आडदांड माणूस, ज्यानं बत्तीस वर्षांत त्याच्याविषयी एक वावगा शब्द काढला नव्हता, लहान पोराच्या तोंडानं त्याच्याकडे बघत होता. या माणसानं जे पाहिलं ते खरं मानलं आणि जन्मभर मनापासून सांगितलं. खोटं ठरायचं असेल तर ते त्यानं का? भूपालला स्वतःची इतकी लाज वाटली, की बाकीची भीती तिच्याखाली दबून गेली.

"ही नळी ती न्हवं," तो मोठ्यानं म्हणाला. "मी बदलली. भंगारातनं आणली. खरी शेडात हाय."

हसू थांबलं. मग त्यानं सगळं सांगितलं. बनियन सांगितलं, ग्रीस सांगितलं, चहाचा गाडा सांगितला. "मी काय बी रोखलं न्हाई. नळी मी तिथं कपडा वाळवायला ठेवली हुती. मी आलो तवा ठोकळा आदीच अडकला हुता. मी भ्यालो, पाय गेलं, म्हणून टेकलो. सुकुमारदादांनी जे बघितलं ते सांगितलं. ते खोटं बोललं न्हाईत. मी बोललो. न्हाई, मी बोललोच न्हाई, हेच माझं खोटं." शालनकडं बघायची त्याची छाती झाली नाही.

विराजनंच दोन माणसांना धाडून शेडातली नळी आणवली. शर्वरीनं बापाकडे न बघता कडं सरकवलं.

तिनं रेघा दोनदा मागेपुढे सरकवल्या. मग म्हणाली, "बत्तीस वर्षांपूर्वीचा पावसाळा. उभा भार, एकदम, सहा टनांच्या आसपास. नळी सरळ उभी नाही, खाली तेल असावं, ती कललेली आहे." तिनं रेघ मोठी केली. "आणि हा बाजूचा भार. बासष्ट किलो. एका बाजूनं, सतत."

"बासष्टच वजन हुतं माझं तवा," भूपाल पुटपुटला.

"थांबा पप्पा. दुसऱ्या मिनिटाला नळी घसरायला निघालीय. या बाजूच्या भारानं थांबली. सातव्या मिनिटाला पुन्हा घसरली, तेव्हा भार एकदम वाढला आणि ती परत थांबली. हा बाजूचा भार नसता तर..." तिनं डोळे पुसले. "पप्पा, तो नसता तर सातव्या मिनिटाला मामा गेला असता. तुम्ही खरंच धरली होती नळी."

सातव्या मिनिटाला काय झालं, ते भूपालला स्वच्छ आठवत होतं. ठोकळ्याखाली सुकुमारचा हात हलताना दिसला होता आणि त्याला घेरी आली होती. तेव्हा तो होता नव्हता तेवढा सगळा नळीवर कोसळला होता.

"अहो, ती घेरी हुती!" तो ओरडला.

पण आता ऐकतो कोण? सुकुमारनं त्याला मिठीत आवळलं होतं आणि तो हंबरडा फोडून रडत होता. विराज खोतानं आपल्या गळ्यातलं उपरणं काढून भूपालच्या गळ्यात घातला. "काका, माफ करा. तुमी एवढं करून नळी लपवायला निघाला हुतासा? प्रसिद्धी नको म्हणून?"

"प्रसिद्धी न्हवं रं, मी खरंच चहा पीत हुतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हौशी म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मोठी माणसं अशीच असत्यात. सवताचा मोठेपणा सवता पुसाया बघत्यात." भूपालनं आणखी दोनदा सांगून पाहिलं. दर वेळी टाळ्या वाढल्या. शेवटी तो शर्वरीकडे वळला. "बाळ, तू तरी ऐक. भार माझाच हाय, पण तो धीराचा न्हवं, भीतीचा हाय."

"पप्पा, पोलादाला भार कळतो. तो कशाचा ते नाही कळत," ती म्हणाली. "पण आकडे समोर आहेत ना." आणि तिनं त्याच्या कपाळावरचं कुंकू सारखं केलं.

बत्तीस वर्षांत भूपाल पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि दीडशे माणसांपैकी एकानंही ते मानलं नव्हतं.

संध्याकाळी शर्वरी मामाला सोडायला गेली. घरी भूपाल आणि शालन दोघंच उरले. तो सोप्यात खुर्चीवर बसला, गळ्यात अजून विराजचं उपरणं. शालननं दिवा लावला आणि ती समोर येऊन उभी राहिली.

"चहासंगट काय खाल्लं हुतं?" तिनं विचारलं.

"खारी," भूपाल म्हणाला. "दोन. दुसरी चहात पडली, आवाज झाला तवा."

शालननं मान हलवली. "म्हणजे खरं सांगितलासा. खोटं बोलणारा माणूस खारी चहात पाडत न्हाई."

भूपालनं गळ्यातलं उपरणं काढून ठेवलं. "शालन, मी फसवलं तुला. तू बँकेतलं स्थळ सोडलंस. धीराचा माणूस पायजे म्हणलीस आन तुला घाबरट मिळाला."

ती शेजारच्या खुर्चीवर बसली. तिनं पदराची शिवण बोटानं सरळ केली. मग म्हणाली, "मला एक सांगायचं हाय. हसू नका. मला पालीची भीती वाटती. लई. बघितली की अंगाचं पाणी हुतं."

"तुला?"

"बत्तीस वरसं सांगितलं न्हाई. एवढ्या शूर माणसाची बायकू आन पालीला भिती, लोक काय म्हणतील! तुमी काय म्हणशीला! सैपाकघरात पाल दिसली की मी तुमाला हाक मारायची, अहो, जरा डबा काढून द्या. म्हणजे तुमी आत जाशीला."

"आन मी म्हणायचो, माझे हात काळे हैत, तूच घे," भूपाल सावकाश म्हणाला.

"व्हय."

"कारण मला ती आदीच दिसलेली असायची."

मग शालनला हसू फुटलं. बत्तीस वर्षांत ती अशी हसलेली भूपालनं पाहिली नव्हती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, त्याच्या मांडीवर चापट्या मारून हसली. भूपालही हसला, आणि हसताहसता त्याला रडू आलं, ते त्यानं लपवलं नाही.

"चला, भात टाकते," ती उठली. दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथंच थांबली. शेगडीच्या वर, तांदळाच्या डब्याशेजारी, एक चांगली वीतभर पाल निवांत बसली होती. या घरात तिला कधी कोणी हुसकावलंच नव्हतं.

"तुमी व्हा म्होरं," शालन कुजबुजली. "तुमी सहा टन रोखलासा."

"तू बी ऐकलंस की सगळं."

"मग दोघं जाऊया."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. एक पाऊल टाकलं. पालीनं शेपटी हलवली. दोघं एकदमच मागे फिरली आणि सोप्यात येऊन धापा टाकत बसली.

"दादाला फोन करू का?" भूपालनं विचारलं.

"नको," शालन म्हणाली. "त्यो तर आमच्या माहेरी सगळ्यात भित्रा. लेकीची वाट बघूया."

आणि हातात हात तसाच ठेवून ती दोघं शर्वरीची वाट बघत बसली.